विजयदुर्गची थाळी

गुरुदास मुणगेकराला ज्यांनी उतारवयात पाहिलं, त्यांना तो आंब्याच्या पेट्या ठोकणारा एक घुमा माणूस म्हणूनच ठाऊक आहे. तोंडात खिळे धरायचे, फळी मांडीखाली दाबायची आणि दिवसभर ठोकत बसायचं. कुणी काही विचारलंच तर तोंडातल्या खिळ्यांकडे बोट दाखवायचं, की बोलायची भानगडच मिटली. हा माणूस एके काळी मिठबावातला सगळ्यात बडबड्या होता आणि त्याच्यावाचून आसपासच्या गावांत लग्न लागत नसे, असं सांगितलं तर नवी माणसं हसतात. हसोत बापडी. जुन्यांना विचारा.

लढाई संपल्यावर गुरुदास मुंबईहून कायमचा गावी आला. गिरगावात लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्या एका दुकानात तो कामाला होता. मालकाने दुकान मोडलं तेव्हा पगाराच्या बदल्यात त्याने सामान मागून घेतलं: एक कर्णा, मोटारीच्या बॅटरीवर चालणारं आवाज वाढवायचं मशीन आणि चावीची थाळी. थाळी म्हणजे रेकॉर्ड ठेवून फिरवायची ती गोल चकती. खालच्या पेटीत स्प्रिंग, बाजूला चावीचा दांडा, वर सुई धरणारा हात. गावाला या सगळ्यात कर्णाच तेवढा दिसायचा, कारण तो माडावर बांधलेला असे. गुरुदासला त्याचा राग यायचा. "कर्ण्याचा काय घेवन बसलास? आरडूक काय, म्हसय आरडता. चलता ती थाळी," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा.

गावात वीज नव्हती, रेडिओ दोन-तीन घरांत आणि तेही बहुतेक वेळा घरघरणारे. त्यामुळे गाणं म्हणजे गुरुदास. लग्न ठरलं की एक माणूस भटाकडे जाई आणि एक गुरुदासकडे. बॅटरी डोक्यावर, थाळी काखेत आणि कर्णा खांद्यावर, अशी त्याची वरात नवऱ्याच्या वरातीच्या आधीच निघे.

त्याची खरी करामत मात्र एकाच क्षणाची होती. मंगलाष्टकं चालू झाली की तो गाणं बंद करी, सनईची रेकॉर्ड चढवी, चावी भरून ठेवी आणि सुई रेकॉर्डीच्या काठावर केसभर वर धरून उभा राही. भटाचं शेवटचं 'सावधान' सुटलं, अंतरपाट खाली आला, अक्षता हातातून सुटल्या, की त्या खाली पडायच्या आत सनई सुरू. मधे रिकामी जागा म्हणून नाही. दुसऱ्या कुणी लावली तर अक्षता पडून जायच्या, लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे, एखादं पोर रडायचं आणि मग सनई खरखरत यायची. गुरुदास म्हणायचा, तेवढ्या वेळात अवदसा मांडवात शिरते. ते काही शास्त्रात लिहिलेलं नव्हतं, त्याने स्वतःच ठरवलेलं होतं. पण लोकांनी ते मानलं होतं आणि त्यालाही ते मनापासून खरं वाटायचं.

त्याला एकच मुलगी, हिरा. लहानपणी ती थाळीच्या पेटीला टेकून झोपायची. लोकांच्या मुलींच्या अक्षतांवर सनई लावताना गुरुदासच्या मनात प्रत्येक वेळी एकच विचार यायचा, की हिराच्या लग्नातली सनई आपण लावणार. बापाने मुलीला काय द्यावं याची त्याची कल्पना एवढीच होती. दागिने त्याच्याने होण्यासारखे नव्हते आणि त्याचं त्याला फारसं दुःखही नव्हतं. सुई मात्र आपल्या हातची पडली पाहिजे, हे तो बायकोजवळ, हिराजवळ आणि दारावरून जाणाऱ्या कोणाजवळही बोलून दाखवायचा.

एकोणसाठ साली हिराचं लग्न जामसंड्यात ठरलं. मुलगा मुंबईत गोदीत नोकरीला, माणसं चांगली. मुहूर्त वैशाखातला. आणि त्याच वर्षी शिमग्याच्या तोंडावर गुरुदासच्या थाळीने मान टाकली. स्प्रिंग आधी एकदा तुटून सांधलेली होती, ती आता सांध्याच्या अलीकडे तुटली. खाऱ्या हवेने पेटीतली चाकं पोखरली होती. लोहाराने हात जोडले. गुरुदासने एक दिवस बोटाने थाळी फिरवून रेकॉर्ड वाजवून पाहिली. गाणारी बाई मधेच पुरुष झाली आणि मग पुन्हा बाई. हिरा आधी हसली, मग म्हणाली, "बाबा, ऱ्हवांदे," आणि आत निघून गेली.

म्हणजे थाळी नवी घ्यायची, नाहीतर दुसऱ्याची जुनी. झालं, इथून गुरुदासचं डोकं फिरायला सुरुवात झाली.

सावित्रीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, भाऊ मुंबईत असायचा. त्याला सगळे भाईच म्हणत. शिमग्याला तो बोटीने आला तो, थाळी मोडल्याचं कळल्यामुळे, एक खोकं घेऊनच. पडवीत खोकं फोडलं, गवत बाजूला केलं आणि आतून एक पांढरट रंगाची चपटी थाळी निघाली. कोरी करकरीत. चावी नाही, दांडा नाही. वाडीतली माणसं जमली.

"भावजी, ही बॅटरीर चलता. बटन दाबल्यात की फिरता. तीन वेग आसत हिका. आता मोठ्यो रेकॉर्डी येतत ना, तेव हिच्यार वाजतत," भाईने सांगितलं आणि बटण दाबलं. थाळी आवाज न करता फिरू लागली. बायका 'गो बाय माझे' म्हणाल्या.

गुरुदासने तिला चारी बाजूंनी पाहिलं, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "तेल खंय घालूचा?"

"तेल लागनाच नाय तिका."

"तेल लागना नाय असा यंत्र खंय आसता रे? माणसाक लागता तेल." मग तो म्हणाला, "आनी मोडली तर?"

"म्हमयक धाडूची."

"आनी पावसात बोट बंद झाली, तर?"

"पावसात लग्ना खंय होतत, भावजी?"

सगळे हसले. गुरुदासने थाळी भाईपुढे सरकवली. यंत्र उघडून आतलं बघता येत नाही, हाताला काही लागत नाही, नुसतं बटण दाबून कडेला उभं राहायचं, मग आपण कशाला हवे? हा प्रश्न त्याने कुणाला विचारला नाही, पण त्या रात्री तो नीट जेवला नाही. सावित्रीने मात्र आपलं मत वाढतावाढता सांगून टाकलं. "नवीच घेवा. चेडवाच्या लग्नात सगळा नवा, आनी वाजप तेवढा जुना कित्याक?"

त्याच आठवड्यात विजयदुर्गहून निरोप आला. तिथे विठोबा नावाचा एक माणूस हाच धंदा करायचा. गुरुदासपेक्षा वयाने मोठा, शांत, देवमाणूस. दोघांची जत्रेत गाठ पडली की एकमेकांच्या रेकॉर्डी बदलून घ्यायचे. मागच्या वैशाखात तो वारला होता. त्याची बायको काशीबाई थाळी विकायची म्हणत होती आणि बाहेरच्या कुणाला देण्याआधी तिने गुरुदासला कळवलं होतं.

गुरुदास एस.टी.ने विजयदुर्गला गेला. काशीबाईचं घर धक्क्याच्या वरच्या अंगाला. तिने थाळी सोवळ्यातल्या भांड्यासारखी पांघरूण घालून ठेवली होती. सागवानी पेटी, वर जड लोखंडी चकती, चावीचा दांडा हाताच्या घामाने काळा आणि गुळगुळीत झालेला. गुरुदासने झाकण उघडलं, आत बघितलं आणि त्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. प्रत्येक चाकाला तेल, कुठे गंजाचा डाग नाही. त्याने रेकॉर्ड लावली, डोळे मिटले आणि बोट चकतीच्या कडेला हलकंच लावून ठेवलं. गाणं संपेपर्यंत ओढ कमी झाली नाही.

काशीबाई उंबऱ्यात बसून बघत होती. "ह्यांनी तिका पोटच्या पोरासारखी सांभाळल्यानी," ती म्हणाली. "तुमका म्हणान देतंय. दुसऱ्याच्या हातात गेली तर तो दोन म्हयन्यात हाडा करीत तिची."

"वयनी, विठोबादादाक काय झाला होता? माका कळला ता उशिरा."

"काय झाला नव्हता. गिर्याक लग्न होता. अक्षता पडल्यो, ह्यांनी सनय लावल्यानी. मगे दुसऱ्या गाण्याक चावी भरलेली, सुई ठेयली आनी तसेच खांबाक टेकले. लोकांका वाटला, डुलकी लागली. गाणा सपल्यार हात उचलूक कोण नाय, तेवा बघल्यानी." तिने पदराने तोंड पुसलं. "मरण सोपा इला. पन माका एकटी टाकून गेले."

गुरुदासच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला त्या मरणाचा हेवा वाटला, हे खरं सांगायला हवं. आपल्यालाही असंच यावं, असं तो तिथल्या तिथे म्हणालाही. परत येताना जामसंड्यापर्यंत त्याचं मन थाळीपाशीच होतं. जुनी घ्यावी तर हात तिच्यावर बसलेला, एका विधवेचं काम होतंय आणि पैसेही निम्मे. नवी घ्यावी तर बायको खूश, मेहुणा खूश, लग्नात शोभा. एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही त्याने विचारलं. तो म्हणाला, "नवी घेवा." गुरुदासला ते आवडलं नाही. म्हणजे त्याचं काय ठरलं होतं ते आपल्याला कळतं, त्याला कळत नव्हतं.

अशा वेळी आमच्याकडे माणूस देवळात जातो. बैल घ्यायचा, होडी घ्यायची, मुलगी द्यायची, काहीही असो, देवाला कौल लावायचा. देवाच्या अंगाला फुलाचे कळे पाण्याने चिकटवायचे, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि कळा कुठल्या बाजूचा पडतो ते बघायचं. थाळीसाठी कौल लावणारा पहिला माणूस गुरुदासच असावा. गणपत गुरवाने कपाळाला आठी घातली, पण कळे लावले. चार-पाच गावकरी मागे उभे होते, ते हुंकार देऊ लागले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो गुरुदास तुझ्या पायाकडे इलो आसा. तेका धंद्याक थाळी घेवची आसा. एक नवी आसा, म्हमयची. एक जुनी आसा, विजयदुर्गची. जुनी घेवची आसात, तर उजवो दी. नवी घेवची आसात, तर डावो दी."

"व्हय म्हाराजा!"

बराच वेळ काही झालं नाही. मग उजव्या खांद्यावरचा कळा सुटला आणि पायाशी पडला. गुरुदासने देवळातच साष्टांग घातला. घरी येऊन सांगितल्यावर सावित्रीनेही नव्या थाळीचा नाद सोडला. देवापुढे बोलणार कोण? भाईने आपलं खोकं पुन्हा बांधलं आणि मुंबईला परत न्यायचा त्रास नको म्हणून वाटेत जामसंड्यात बाबू नावाच्या एका पोरसवदा माणसाला थाळी विकून टाकली. त्याला हा धंदा करायचाच होता.

विजयदुर्गची थाळी घरी आली. तिच्यावर गुरुदासने दोन लग्नं वाजवली आणि दोन्ही अशी लागली की लोकांनी वाखाणली. सनई अक्षतांच्या आत. आता हिराच्या लग्नाचा प्रश्नच मिटला होता. माणूस सुखात असला की त्याच्या जिभेला हाड राहत नाही, आणि गुरुदासच्या जिभेला तर ते दुःखातही नसायचं. दुसऱ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो नाक्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला बसला. समोर आठ-दहा माणसं. कुणीतरी थाळीची तारीफ केली. तेवढं पुरे होतं.

"मरे, ती थाळी कोणाची आसा, ठावक आसा?" गुरुदासने बशी खाली ठेवली. मग विठोबा कोण, कसा देवमाणूस, गिर्याला कसं लग्न होतं, त्याने चावी कशी भरली आणि खांबाला टेकून प्राण कसा सोडला, सगळं त्याने रंगवून सांगितलं. "मानूस गेलो, पन गाणा थांबूक नाय! माका असाच मरण येवंदे, हातात चावी आनी वर गाणा."

एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे लग्नात मेलो तो? भर मांडवात?"

"भर मांडवात!"

"आनी थाळी हीच?"

"हीच तर!" गुरुदास म्हणाला. अभिमानाने म्हणाला हो, तेच तर वाईट. लोकांनी चहा उरकला आणि एकेक जण उठला. आपण काय केलं हे त्याला तेव्हा कळलं नाही. त्याला वाटलं, गोष्ट लोकांच्या मनाला लागली. लागली होतीच.

तिसरं लग्न ठरलेलं होतं. त्या घरचा माणूस सकाळी आला आणि पडवीची पायरी न चढता म्हणाला की पोरांनी दुसरीकडे ठरवलंय. चौथ्या घरून कुणी आलंच नाही. दुसऱ्या लग्नातल्या नवरीची आत्या विहिरीच्या पायरीवरून घसरली, तिचा हात मोडला. ती पायरी शेवाळलेली होती आणि तिच्यावरून निम्मी वाडी आधीच घसरलेली होती, पण आता कारण मिळालं होतं. मांडवात माणूस मेला तेव्हा त्याचा हात ज्या यंत्रावर होता, ते यंत्र दुसऱ्याच्या मांडवात न्यायचं? बायका पोरांना त्याच्या घराकडे फिरकू देईनात. विठोबाचा जीव थाळीत राहिलाय, असं बोललं जाऊ लागलं.

गुरुदास आधी चिडला, मग भांडला, मग घाबरला. त्याने भटाला बोलावून थाळीची शांत करून घेतली. चकतीवर हळदकुंकू वाहिलं, गोमूत्र शिंपडलं. भट दक्षिणा घेऊन गेला आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या पुतणीच्या लग्नात जामसंड्याचा बाबू वाजवायला आला. गुरुदास देवळात गेला.

"गणपता, देवान उजवो दिल्लो. तूच गाऱ्हाणा घातलंस. लोकांका सांग मरे."

गणपत गुरव दिव्याच्या वाती वळत होता. त्याने मान वर केली नाही. "देवान घेवक सांगल्यान, तू घेतलंस. लग्नात लावची काय नाय, ह्या तू खंय इचारलंस?"

"मगे आता इचार."

"एकदा झाल्या कौलार परत कौल नाय. देवाक काय उलटतपासणी घेतंस?" मग जरा मऊ आवाजात तो म्हणाला, "आनी डावो पडलो तर? आता निदान उजवो तरी आसा तुझ्याकडे."

हे मात्र खरं होतं. गुरुदास तसाच घरी आला.

एक वाट उरली होती. थाळी काशीबाईला परत द्यायची, पैसे मिळतील तेवढे घ्यायचे आणि कुणाची तरी साधी थाळी लग्नापुरती मागून आणायची. तो पुन्हा विजयदुर्गला गेला. थाळी बरोबर नेली नाही, आधी बोलून बघू म्हणाला. काशीबाईने त्याला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. घरावर नवी कौलं चढली होती, पैसे कुठे गेले ते विचारायची गरज नव्हती.

"बरी वाजता मां?" तिने विचारलं. "ह्यांच्या जिवाक बरा वाटत असतला. ती बंद पडान ऱ्हवली असती, तर माका निज लागूची नाय."

गुरुदासने तोंड उघडलं. थाळी परत घ्या, एवढंच म्हणायचं होतं. "बरी वाजता, वयनी," तो म्हणाला. "लग्नालग्नात वाजता." तिने त्याला घावणे करून घातले. त्याने ते खाल्ले आणि परत आला.

लग्नाला आठ-दहा दिवस उरले तेव्हा जामसंड्याहून व्याह्यांचा निरोप आला. लग्नासाठी मुंबईहून परत येताना तो निरोप भाईच घेऊन आला होता. माणसं वाईट नव्हती, त्यांनी फार सांभाळून कळवलं होतं. मानपान नको, देणंघेणं नको, सगळं तुमच्या मनासारखं होऊ दे, फक्त ती थाळी मांडवात नको. वाजवायला आम्ही आमच्याकडून बाबूला घेऊन येतो.

गुरुदास भाईच्या अंगावर धावून गेला. "तू विकलंस ती तेका! माझ्या घरात इल्ली थाळी तू तेका विकलंस!"

"भावजी, तुमीच नको म्हणालात," भाई म्हणाला. "मी ती घेवन परत बोटीत बसू काय?"

भाईचं काही चुकलं नव्हतं. देवाचं, काशीबाईचं, व्याह्यांचं, कुणाचंच चुकलं नव्हतं. चुकायला एकटा गुरुदास उरला होता, आणि त्याला तर आपण नेमकं कुठे चुकलो हेही धड सांगता येत नव्हतं. घेतली तिथे, की बोललो तिथे? त्या रागात तो हिराला म्हणाला, "मी लावतलंय सनय. माझ्या दारात, माझ्या चेडवाच्या लग्नात. बघतंय कोण अडवता ता." हिरा त्याच्याकडे बघत मागे सरली. ती घाबरली होती. बापासाठी नव्हे, बापालाच, हे त्याने ओळखलं आणि तो पडवीत जाऊन बसला. त्याचं बोलणं कमी झालं ते त्या दिवसापासून.

लग्नाच्या दिवशी सकाळी थाळी गोठ्यामागच्या खोपीत नेऊन ठेवली होती. सावित्रीने त्याला एका बाजूला घेतलं. तिचे डोळे रात्रभर न झोपल्याने सुजले होते. "एक मागतंय. आज तुमी त्या यंत्राच्या वाटेक जाव नकात. बाबूच्यासुद्धा. तुमचो हात त्या थाळीक लागलेलो आसा."

"तू पन?" गुरुदास म्हणाला. "तू पन मानतंस ह्या?"

"मी मानीत नाय," सावित्री म्हणाली. "पन चेडू एकच आसा."

तो संतापाने काहीतरी बोलला आणि मांडवात निघून गेला. असल्या खुळ्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला तो नव्हता, हे त्याने गेला महिनाभर ओरडून ओरडून सांगितलं होतं.

वऱ्हाड आलं. बाबूने मांडवाच्या कोपऱ्यात टेबलावर ती पांढरट थाळी मांडली, कर्णा माडावर चढवला, गाणी लावली. पोरगा चलाख होता आणि मनाने साफ होता. दोन-तीनदा त्याची नजर गुरुदासकडे गेली आणि प्रत्येक वेळी तो ओशाळला. अंतरपाट धरला गेला. सावित्री रिवाजाप्रमाणे मागल्या दारी तुळशीकडे गेली, आईने मुलीच्या अक्षता बघायच्या नसतात. मंगलाष्टकं सुरू झाली. बाबूने गाणं थांबवलं, सनईची रेकॉर्ड चढवली, आणि मग तो माणसांतून वाट काढत गुरुदासपाशी आला.

"काका, येवा," तो कानाशी लागून म्हणाला. "शेवटाक सुई तुमी लावा. तुमच्यासारखी माका टायमार जमना नाय. चेडवाक बापाशीच्या हातची लागांदे."

गुरुदासला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. त्याने आजूबाजूला बघितलं. जवळच्या लोकांनी ऐकलं होतं. व्याह्यांनी ऐकलं होतं, आणि ते दुसरीकडे बघू लागले. म्हणजे त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. थाळी विठोबाची नव्हती, कोरी होती, मुंबईची होती. जे मागितलं होतं ते देव आता आपणहून देत होता. गुरुदास टेबलापाशी गेला. बाबूने बटण दाबलं, थाळी फिरू लागली. त्याने सुईचा हात दाखवला आणि बाजूला झाला.

भटाने शेवटचं मंगलाष्टक घेतलं. गुरुदासने हात पुढे केला. समोर अंतरपाटाच्या अलीकडे हिरा उभी होती, मान खाली, मुंडावळ्यांतून नाकाचं टोक तेवढं दिसत होतं. आणि त्याच्या मनात आलं, काही झालं तर? उद्या नाही, वर्षाने, पाच वर्षांनी, तिला काही झालं, तिच्या नवऱ्याला काही झालं, तर? हा हात विठोबाच्या चावीवर फिरलाय. त्याने स्वतःला शिवी दिली. हात आणखी पुढे केला. सुई काठावर केसभर वर आणली. कुणीही त्याला अडवत नव्हतं. भट लांबण लावत होता, वेळ होता, आणि गुरुदासला स्वच्छ कळलं, की आपण मानतो. इतरांइतकंच मानतो, कदाचित जास्त मानतो.

त्याने हात मागे घेतला. "तूच लाव," तो बाबूला म्हणाला.

बाबू गोंधळला. तो दोन पावलं दूर गेला होता. तो परत टेबलापाशी पोचेपर्यंत 'सावधान' सुटलं होतं, अंतरपाट खाली आला होता, अक्षता पडल्या होत्या. मांडव गप्प होता. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. कुणाचं तरी पोर रडायला लागलं. गुरुदास त्या गप्प मांडवात उभा होता आणि सनई येईना, येईना, येईना. मग ती खरखरत आली.

लोक लगेच बोलायला, हसायला लागले, नवरानवरीभोवती गर्दी झाली. भाई येऊन म्हणाला, "भावजी, अक्षता टाकल्यात ना?" गुरुदासने डावी मूठ उघडून बघितली. अक्षता होत्या तशाच होत्या, घामाने ओल्या झालेल्या. आता त्या टाकून उपयोग नव्हता.